राशीवरचे वाटे : सुगीच्या मराठी वाङ्मयातील कृतज्ञता

मराठी वाङ्मयात सुगीच्या वर्णनांची वाण नाही. क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेलेल्या कविता आठवल्या, तरी पिकाने डवरलेली शेते, मोत्यासारखे दाणे, वाऱ्यावर डोलणारी कणसे आणि समाधानाने हसणारा शेतकरी ही चित्रमालिका डोळ्यांपुढे उभी राहते. कवितेच्या अखेरीस भूमातेला वंदन असते, आणि वर्गातील विवेचनाच्या अखेरीस 'या कवितेतून कृतज्ञतेचा भाव व्यक्त झाला आहे' हे वाक्य असते. प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. त्या वाक्याविषयी आज शंका घ्यावयाची आहे. वंदन चुकीचे आहे असे नव्हे. पण ही कृतज्ञता नेमकी कोणाविषयी, कोणत्या उपकारासाठी, आणि ती बाळगल्याने कवीच्या दृष्टीत कोणता फरक पडला, हे प्रश्न आपण अभ्यासकांनी पुरेसे विचारलेले नाहीत. ते विचारल्यावाचून सुगीच्या कवितेतील खरे आणि खोटे निवडता येत नाही, असे माझे मत आहे.

आरंभी शब्दांचाच थोडा विचार करू. 'सुगी' हा शब्द आपण कानडीशी वाटून घेतलेला आहे. बेळगावकडच्या शिवारात 'सुग्गी' आणि 'सुगी' हे उच्चार एकाच बांधाच्या दोन्ही अंगांना ऐकू येतात. 'कृतज्ञता' हा शब्द मात्र पंडितांचा. खळ्यावर उभा असलेला माणूस तो वापरीत नाही. 'आभार' हा तर सभेच्या व्यासपीठावरचा शब्द. ज्याच्या त्याच्या तोंडी तो अलीकडे आला. शेतावरच्या मराठीत या भावनेसाठी जे शब्द आहेत, ते सारे देण्याघेण्याचे आहेत : उपकार फेडणे, उतराई होणे, पांग फेडणे, ऋणात राहणे. गोमंतकात उपकार स्वीकारताना हिंदू काय आणि ख्रिस्ती काय, 'देव बरें करूं' म्हणतात. म्हणजे जे माझ्याकडून फिटण्यासारखे नाही ते देवाने फेडावे, अशी ती प्रार्थना आहे. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान दिसते. उपकार ही मनात जपून ठेवण्याची वस्तू नसून फेडण्याची बाब आहे, असे आपली बोली मानते.

पंडितांच्या शब्दाची फोड केली तरी अर्थ याच दिशेने जातो. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. केलेले जाणावयाचे, तर कोणी केले, किती केले आणि त्याचे काय देणे लागते, हे आधी कळले पाहिजे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या मनात आनंद असू शकेल, भक्ती असू शकेल, निसर्गसौंदर्याने आलेली तल्लीनता असू शकेल. त्यांपैकी कशालाही कृतज्ञता म्हणता येणार नाही. सुगीच्या वाङ्मयाला लावावयाची कसोटी या व्युत्पत्तीतच आहे. हे वाङ्मय 'कृत' जाणते काय? रास कोणाच्या हातांनी उभी राहिली हे त्याला माहीत आहे काय?

या कसोटीवर उतरणारे सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट उदाहरण मला तुकोबांच्या एका अभंगात आढळते. शेत सुगीला आले असता चारी कोपरे सांभाळावेत, अशा सूचनेने त्याचा आरंभ होतो. हा अभंग म्हणजे राखणदाराला केलेला व्यवहारोपदेश आहे. पीक उभे आहे तोवर विसावा घेऊ नये, गोफणीत गुंडा घालून पाखरांचे थवे उठवावेत, आगटी पेटवावी, एका जागी न बसता जागा पालटीत राहावे, बळ आणि बुद्धी दोन्ही वापरावीत, असे एकेक कृत्य तुकोबा सांगतात. नंतर रास होते. राशीच्या वेळी ते जे सांगतात ते प्रत्येक अध्यापकाने मुद्दाम थांबून वाचावे. खळ्यावरच्या दानाने जगाला सुखी करावे, सरकारचा सारा चुकता करावा, आणि ज्याचा जो वाटा असेल तो त्याला द्यावा. हे सर्व झाल्यावर आपले असे काही काम उरत नाही. जे खरे आपले ते हाती आलेले असते आणि निकण भूस मागे राहिलेले असते.

अभंग रूपकात्मक आहे, आणि शेत म्हणजे देह, रास म्हणजे परमार्थाचे फळ, असा त्याचा अर्थ लावता येतो, याची मला जाणीव आहे. पण रूपक टिकते ते त्याच्या लौकिक अंगाच्या खरेपणावर. तुकोबांनी सुगीसाठी भावनेचा एकही शब्द वापरलेला नाही. धरणीला हात जोडलेले नाहीत, मेघाचे गुणगान केलेले नाही. त्यांनी कृत्यांची नोंद केली आणि वाटे सांगितले. विशेष म्हणजे 'दान' आणि 'भाग' हे दोन शब्द त्यांनी वेगळे ठेवले. दान आपल्या खुशीचे असते. भाग दुसऱ्याच्या हक्काचा असतो. दान केल्याने भाग दिल्यासारखे होत नाही. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि व्यापार केला, ज्या पुरुषाने दुष्काळाचा घाव सोसला, आणि ज्याने लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते, त्या पुरुषाला येणे आणि देणे यांतील अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या सुगीच्या कवितेत हा विवेक पुढे सर्वत्र राहिला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

तुकोबांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी हा विवेक पुन्हा तितक्याच स्वाभाविकपणे भेटतो तो बहिणाबाई चौधरींच्या कवितेत. बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोदे गावच्या. लिहिता-वाचता येत नसलेल्या या बाईने शेतात आणि घरात काम करताना जे रचले, ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने टिपून ठेवले म्हणून वाचले, आणि १९५२ साली ग्रंथरूपाने मराठी वाचकांपुढे आले. त्यांच्या शेतीविषयक कवितांची नुसती नावे पाहा : 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी'. ही ऋतूंची नावे नाहीत, की मनःस्थितीची नाहीत. ती कामांची नावे आहेत. या चार शब्दांत बीज मातीत पडल्यापासून दाणा सुपात येईपर्यंतचे 'कृत' क्रमाने मांडलेले आहे. रासीचे कौतुक करण्याचा अधिकार हा सगळा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याचा, असेच जणू ही शीर्षके सांगतात.

'उपननी'मधील वाऱ्याचे चित्रण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मळणी झाली आहे, भूस आणि दाणा एकत्र पडला आहे, आणि वारा येत नाही. अशा वेळी बहिणाबाई वाऱ्याची स्तुती करीत बसत नाहीत. मारुतीशी असलेल्या नात्याने त्याला हाक मारतात, आणि तुझ्या थापा आता पुरे झाल्या म्हणून दटावतात. ठरल्या वेळी न आलेल्या सोबत्याशी बोलावे तसे हे बोलणे आहे. एखाद्या टीकाकाराला यात भक्तीची उणीव दिसेल. मला उलट दिसते. जो आपल्याबरोबर कामाला लागतो त्याच्यावर रागावण्याचा हक्क असतो, आणि त्या रागात त्याच्या कामाची पुरी जाणीव असते. दुरून वंदन करणाऱ्याला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून त्याला वाऱ्यावर रागावताही येत नाही.

परंतु बहिणाबाईंच्या या वृत्तीचा गाभा पाहावयाचा तर 'पोया' ही कविता पाहिली पाहिजे. पोळ्याच्या सणावर मराठीत कविता अनेक; बैलाची झूल, शिंगांचे रंग, गळ्यातील घुंगुरमाळा यांची वर्णने बहुतेकांत सापडतात, आणि बहिणाबाईंच्या कवितेतही ती आहेत. पण सजावट पुरी झाली की त्या सजविणाऱ्याकडे वळतात आणि त्याला स्वच्छ शब्दांत सांगतात की आज पूजा करून उपकाराचे देणे फेडायचे आहे. सण बैलाचा आहे, शेतकऱ्याच्या वाट्याला येते ते ऋण. सणाच्या दिवशी यजमानाला ऋणको ठरविणारी ही दृष्टी फार दुर्मीळ आहे. 'मानूस' या त्यांच्या प्रसिद्ध कवितेतही हाच हिशेब उलट्या बाजूने येतो : गाय-म्हैस चारा खाऊन त्याचे दूध करून परत देते, कुत्रा इमानासाठी शेपूट हलवितो, आणि माणूस मात्र मतलबासाठी मान डोलवितो. उपकाराची परतफेड करणाऱ्यांच्या यादीत माणसाचे नाव खाली आहे, हे त्या कुरकुर न करता नोंदवितात.

यापुढे जाऊन जानपद गीतांकडे पाहिले म्हणजे हवा बदलल्याचे जाणवते. रविकिरण मंडळाच्या काळापासून खेड्याचे, शेतकऱ्याचे जीवन कवितेत आणण्याची जी लाट आली, तिचे ऋण मानले पाहिजे. यशवंत, गिरीश, ग. ल. ठोकळ यांसारख्या कवींनी शहरी वाचकाच्या घरात नांगर आणि मोट नेली, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण त्या लाटेबरोबर जे पुष्कळसे अनुकरण आले, त्यात शेत हे दुरून पाहावयाचे चित्र झाले. त्यात दाणे मोत्यांचे असतात, घाम मोत्यांचा असतो, आणि दोन्ही मोती सारख्याच भावाने तोलले जातात. मोती कोणाच्या कणगीत गेले, हे विचारले जात नाही. कारभारीण भाकरी घेऊन बांधावर येते, आणि ती बांधावरच राहते. लावणी, खुरपणी, सोंगणी, वेचणी ही शेतातील निम्म्याहून अधिक कामे ती करते हे कवितेच्या लक्षात येत नाही. या कवितेची कृतज्ञता आकाश आणि माती यांच्याकडे धावते, कारण आकाश आणि माती वाटा मागत नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. कविता म्हणजे तलाठ्याचे दप्तर नव्हे. तिच्याकडे वाट्यांचा हिशेब मागणे हे अरसिकतेचे लक्षण नव्हे काय? ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) मध्ये रान उपकारकर्ता म्हणून येत नाही, लळा लावणारे सोयरे म्हणून येते. तेथे कोणते ऋण आणि कोणती परतफेड? हा आक्षेप अंशतः मला मान्य आहे. लळ्याची कविता ही वेगळ्या जातीची कविता आहे, आणि तिला लळ्याच्याच मापाने मोजले पाहिजे. महानोर स्वतः शेती करणारे होते आणि त्यांच्या शब्दाला मातीचा स्पर्श आहे, हेही खरे. माझे म्हणणे मर्यादित आहे. जी कविता स्वतःच कृतज्ञतेचा दावा करते, किंवा जिच्यावर आपण अध्यापक तो दावा लादतो, तिला 'कृत' जाणण्याची अट चुकविता येणार नाही. आणि ही अट काव्याला मारक नाही, हे तुकोबा आणि बहिणाबाई यांनी सिद्ध करून ठेवले आहे.

वाट्यांचा हिशेब कवितेने टाळला, म्हणून तो गद्याला करावा लागला. त्या गद्याचे वाचन सुगीच्या कवितेशेजारी ठेवून व्हावे, असे मला सुचवावयाचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार आणि वर्षभराचे सण यांच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून दानदक्षिणा कशी काढली जाते, याची लांबलचक नोंद आहे. अलंकारहीन अशी ती यादी वाचताना ध्यानात येते की, कृतज्ञतेचे विधीच जर दुसऱ्याच्या उत्पन्नाचे साधन झाले, तर देणाऱ्याच्या मनात कृतज्ञता उरत नाही, भीती उरते. तुकोबांनी वेगळे ठेवलेले दान आणि भाग येथे एकमेकांत मिसळले आहेत. दान सक्तीचे झाले आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' (१९१५) खळ्याकडे आणखी एका अंगाने पाहतो. सरकारी नोकरीत खेडी जवळून पाहिलेल्या या लेखकाने काळी आणि पांढरी, म्हणजे पिकविणारी जमीन आणि तिच्यावर जगणारी वस्ती, यांच्या संबंधांचे बारीक वर्णन केले आहे. कुणब्याने पिकवावे आणि कारू-नारूंनी वर्षभर सेवा करून खळ्यावर धान्याचा वाटा न्यावा, अशी ही जुनी व्यवस्था. वतन वंशपरंपरा चालत राहिले, सेवा मात्र कमी होत गेली, आणि त्यावर फिरस्त्या मागणाऱ्यांची भर पडली, यामुळे रास घरी जाण्यापूर्वीच कशी झिजते, हे आत्रे दाखवितात. ही तक्रार कुणब्याच्या बाजूची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण ती एकाच बाजूची आहे.

दुसरी बाजू मराठीत ठळकपणे आली ती १९७८ साली, दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनाने. ग्रंथाचे नावच पाहावे. खळ्यावर मिळणारा वाटा या अर्थाचा हा शब्द. तोच येथे एका संपूर्ण जीवनाचे नाव झाला. गावाची पडेल ती कामे रात्रंदिवस करणाऱ्या समाजाला जे धान्य मिळे, ते कामाचे मोल म्हणून न देता उपकार म्हणून टाकले जाई, आणि घेणाऱ्यानेच ओशाळे व्हावे अशी अपेक्षा असे. म्हणजे कृतज्ञतेची दिशाच उलटली होती. ज्याच्या श्रमाचे गावाने देणे लागत होते, त्याच्याकडूनच गाव कृतज्ञता वसूल करीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ पासून मुंबईच्या कायदेमंडळात जो झगडा मांडला, त्याचा अर्थ या संदर्भात नीट कळतो. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर. 'बलुतं' वाचल्यावर सुगीच्या कोणत्याही कवितेतील 'गाव सारा आनंदला' या जातीचे विधान पूर्वीसारखे वाचता येत नाही. 'सारा' या शब्दात कोण कोण होते, असा प्रश्न मनात उभा राहतो, आणि तो राहावा हेच इष्ट.

माणसाविषयीची ही कृतघ्नता जनावरापर्यंत कशी पोचते, याचे मराठीतील सर्वांत भेदक चित्र आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत आहे. नारबा हा सालगडी. मालकाचे शेत आणि मालकाची जनावरे हेच त्याचे कुटुंब. शेतावर ट्रॅक्टर येतो, आणि बैलांची गरज संपते. बैलांची गरज संपली की बैलांबरोबर राबणाऱ्या माणसाचीही गरज संपू लागते. यादवांनी मालकाला दुष्ट रंगविलेले नाही, हे महत्त्वाचे. यंत्र घेण्यात त्याचा हिशेब चोख आहे. त्याच्या हिशेबात फक्त 'कृता'चा रकाना नाही. ज्यांनी ही जमीन इतकी वर्षे पिकविली त्यांचे काही देणे उरते, हे त्याच्या मनाला शिवत नाही. बहिणाबाईंच्या पोळ्यापुढे 'गोतावळा' ठेवून वाचला, तर ऋण मानणे आणि न मानणे यांत काय अंतर आहे ते विद्यार्थ्याला व्याख्येवाचून कळेल.

आतापर्यंत ग्रंथांचा विचार केला. आपल्या या बृहन्महाराष्ट्राच्या सीमेवरच्या मराठी समाजाजवळ ग्रंथांत न आलेलेही काही आहे. लातूर, धाराशिव या भागांत आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या पाळतात. रब्बीचे पीक उभे असते. घरे बंद करून सारे शेतावर जातात, कडब्याची कोप उभारतात, आत दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आणि भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण करतात. ज्यांना शेत नाही अशा शेजाऱ्यांना, शहरातील परिचितांना आणि वाटेने जाणाऱ्यालाही आग्रहाने बोलावतात. या विधीत कानडी आणि मराठी वेगळे काढता येत नाहीत. गोमंतकात अनेक घरी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी 'नवें' होते. भाताची कोवळी कणसे पुजून दारावर बांधतात. त्याच पिकाची पहिली कणसे ख्रिस्ती बांधव रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला अर्पण करतात. अन्यत्र आश्विनी पौर्णिमेला नवान्न होते. पहिले कणीस आपल्या तोंडी घालण्यापूर्वी दुसऱ्याला द्यावयाचे, हा या सर्व विधींचा समान अर्थ आहे. खळ्यावर माप घालताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे हाच भाव असावा. पहिले माप मोजून आपले म्हणावयाचे नाही.

या विधींचेही सरसकट गौरवगान करू नये. वेळ अमावास्येला सर्वांना जेवू घालणाऱ्या शेतात इतर दिवशी मजुरी किती मिळते, आणि कणीस दारावर बांधणाऱ्या घराची जमीन कोण कसतो, हे प्रश्न तेथेही विचारले पाहिजेत. गोमंतकात कूळकायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला. तोपर्यंत देवाला वाहिलेले पहिले कणीस आणि भाटकाराला दिलेला खंड एकाच शेतातून जात होते. तरीही या विधींत एक गोष्ट आहे जी अनुकरणाच्या जानपद गीतांत नाही : त्यांत काहीतरी प्रत्यक्ष द्यावे लागते. नुसते वाटून भागत नाही.

सुगीविषयी बोलताना आजच्या सुगीकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही. खळी आता फारशी उरली नाहीत. तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात जाऊन मळणीयंत्र आले, आणि रस्त्याच्या कडेला चार तासांत रास होते. सरवा वेचणाऱ्या बायांसाठी यंत्राच्या मागे कणसे उरत नाहीत. आणि जे पीक अजून बव्हंशी हातानेच तोडले जाते, त्या उसाची सुगी सीमाभागातील वाचकांच्या रोजच्या पाहण्यातील आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या कोरडवाहू गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो; माणसाच्या जागी हत्याराचे नाव येते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते राबतात. बहिणाबाईंच्या कवितेत पीक घेणारा राबणाऱ्याचा ऋणी होता. येथे राबणारालाच ऋणको करून फडात उतरविले जाते. आपल्या चहातील साखरेचा गोडवा या हिशेबातून आलेला आहे, आणि तिच्याविषयी मराठीत अद्याप 'उपननी'च्या तोडीची कविता व्हावयाची आहे.

या विवेचनाचा उपयोग काय, असे अध्यापक विचारतील. आपल्यापैकी बहुतेकांची, विशेषतः हैदराबाद, इंदूर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची, शेतीशी असलेली नाळ कधीच तुटली आहे. आपल्या वाट्याला सुगी येते ती पाठ्यपुस्तकातून आणि बाजाराच्या पिशवीतून. म्हणूनच आपल्या वर्गात भूमातेच्या वंदनाची कविता फार सहज शिकविली जाते. ती अवश्य शिकवावी. पण तिच्याशेजारी तुकोबांचा तो अभंग, 'पोया', आणि 'बलुतं'मधील चार पाने ठेवावीत. विद्यार्थ्याला विचारावे की या कवितेत काम कोण करतो, त्याला काय मिळते, आणि कवीला ते दिसले आहे काय. ज्या संशोधकांनी, गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने, खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, त्यांनी या प्रश्नांची उत्तरे देणारा केवढा साठा आपल्या हाती दिला आहे! त्या ओव्या गाणाऱ्या बाया दाणा दळीत होत्या, आणि तो दाणा कोठून आला हे त्यांना पुरते ठाऊक होते.

फळ्यावरचे ते जुने वाक्य मी पुसून टाकावे असे मला वाटत नाही. 'या कवितेतून कृतज्ञतेचा भाव व्यक्त झाला आहे' असे लिहावे, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून खडू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. तुकोबांनी रास झाल्यावर ज्याचा भाग त्याला देण्यास सांगितले. मराठी सुगीच्या वाङ्मयाची रास मोठी आहे. तिचे वाटे करण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. ते झाल्यावर जे हाती उरेल ते खरे आपले असेल, आणि भूस कोणते ते वेगळे सांगावे लागणार नाही.